घरकुलाचे छत आणि वैशाखातील ऊन

पाथरी तालुक्यातील कोणत्याही गावात वैशाखाच्या भर दुपारी फेरी मारली असता एक गोष्ट सहज ध्यानात येते. जुन्या वस्तीतील धाब्याच्या घरांत माणसे घरातच निजलेली असतात. नव्या वस्तीतील पत्र्याच्या घरांतील माणसे मात्र लिंबाच्या सावलीस, मारुतीच्या पारावर किंवा शेजारच्या धाब्याच्या ओसरीवर बसलेली आढळतात. या नव्या घरांपैकी पुष्कळ घरे शासनाच्या अनुदानातून उभी राहिली आहेत. त्यांनी पावसाळ्यातील गळती थांबविली, भिंत खचण्याची भीती घालविली, घराला दार आणि कडी दिली. हे कार्य लहान नव्हे. तथापि ज्या घरात वर्षातील अडीच-तीन महिने दुपारी बसवत नाही आणि रात्री झोप येत नाही, ते घर अपुरे राहिले असेच म्हणावे लागेल.

हा दोष अनुदानाच्या रकमेचा जितका आहे, त्याहून अधिक ती रक्कम कोणत्या क्रमाने खर्ची पडते याचा आहे. हे समजून घेतल्यास तेवढ्याच पैशात घर बरेच थंड ठेवता येते. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

अनुदान कोणाला व किती

घर नसलेल्यास अथवा पडके घर असलेल्यास शासनाने साहाय्य करावे, ही कल्पना नवी नव्हे. १९५७ साली, दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात, ग्रामीण गृहनिर्माणाची योजना निघाली. तिचा भर कर्जावर होता. १९८५-८६ साली इंदिरा आवास योजना सुरू होऊन कर्जाच्या जागी अनुदान आले. १ एप्रिल २०१६ पासून या योजनेची जागा प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) हिने घेतली. तीत सपाट प्रदेशातील घरकुलास १,२०,००० रुपये व डोंगराळ प्रदेशातील घरकुलास १,३०,००० रुपये असे अनुदान ठरले. त्यातील ६० टक्के भार केंद्राचा व ४० टक्के राज्याचा. पाथरी तालुका गोदावरीच्या काठचा, सपाट व काळ्या जमिनीचा. येथे १,२०,००० हा आकडा लागू होतो. घर किमान २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट असावे व त्यात स्वयंपाकाची जागा असावी, असा नियम आहे. शौचालयासाठी स्वच्छ भारत अभियानातून १२,००० रुपये वेगळे मिळू शकतात.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र शासनाने ही योजना २०२८-२९ पर्यंत वाढवून आणखी २ कोटी घरांना मान्यता दिली. या दुसऱ्या टप्प्यातील घरकुलांसाठी राज्य शासनाने एप्रिल २०२५ मध्ये आपल्या हिश्श्यात ५०,००० रुपयांची वाढ जाहीर केली. त्यातील ३५,००० रुपये बांधकामासाठी असून १५,००० रुपये छतावर सौर विजेचा संच बसविणाऱ्यास मिळावयाचे आहेत. या संचाचा छताच्या थंडाव्याशी काय संबंध आहे, ते पुढे येईलच.

मजुरीविषयी एक खुलासा आवश्यक आहे. २००५ च्या रोजगार हमी कायद्याखाली घरकुलाच्या कामास ९० मनुष्यदिवसांची अकुशल मजुरी जोडण्यात आली होती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ग्रामीण रोजगाराचा नवा कायदा संमत केला आहे. यास्तव मजुरीचा चालू नियम पंचायत समितीत प्रत्यक्ष विचारून घ्यावा. जुन्या लाभार्थ्याच्या सांगण्यावर विसंबू नये.

याशिवाय अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी रमाई आवास, अनुसूचित जमातींसाठी शबरी आदिवासी घरकुल, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत आणि इतर मागास वर्गासाठी २०२३ साली निघालेली मोदी आवास, अशा राज्याच्या योजना आहेत. ज्यांना जागाच नाही त्यांना जागा घेण्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची अर्थसाहाय्य योजना आहे. पाथरी शहर नगरपरिषदेच्या हद्दीत येत असल्याने तेथील कुटुंबांनी शहरी योजनेसाठी नगरपरिषदेकडे जावे. पंचायत समितीत अर्ज करून काही निष्पन्न होत नाही.

पात्रतेच्या नियमांपैकी एकच येथे मुद्दाम सांगतो, कारण आपल्या तालुक्यात त्यावरून तक्रारी होतात. २०२४ साली सुधारलेल्या नियमांप्रमाणे अडीच एकर किंवा अधिक ओलिताची, अथवा पाच एकर किंवा अधिक कोरडवाहू जमीन असलेले कुटुंब या योजनेतून वगळले जाते. जायकवाडीच्या डाव्या कालव्याखाली नाव लागलेली जमीन कागदावर ओलिताची ठरते. शेवटच्या चारीला पाणी पोहोचते की नाही हा प्रश्न वेगळा. ज्यांचे असे होत असेल त्यांनी यादी ग्रामसभेपुढे येईल तेव्हाच, सात-बारा सोबत घेऊन, आपले म्हणणे नोंदवावे. यादी कायम झाल्यावर केलेली धावपळ बहुधा व्यर्थ जाते.

पैसा पायात मुरतो

अनुदान एकदम हाती पडत नाही. मंजुरीनंतर, जोते झाल्यावर, चौकटीच्या वरपर्यंत भिंती आल्यावर आणि छत व शेवटचे काम पुरे झाल्यावर, असे ते टप्प्याटप्प्याने बँकेच्या खात्यात जमा होते. प्रत्येक टप्प्याला जागेवर छायाचित्र घेतले जाते. ही पद्धत योग्यच आहे. परंतु आपल्या भागात तिचा एक अनपेक्षित परिणाम होतो.

काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीवर उथळ पाया घातल्यास दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच भिंतींना तिरप्या भेगा पडतात. म्हणून मुरूम लागेपर्यंत खोल खणावे लागते किंवा काळी माती काढून मुरमाची भर घालावी लागते. पहिल्या हप्त्याच्या कितीतरी पट खर्च येथेच होतो. पुढे विटा, वाळू, गवंड्याची मजुरी. छतापर्यंत येईतो हात आखडलेला असतो आणि पावसाळा तोंडावर आलेला असतो. मग चार लोखंडी नळ्या, वर पत्रे, वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांवर दगड, आणि गृहप्रवेश. कुटुंबाने विचार करून पत्रा निवडला असे क्वचितच घडते. उरलेल्या पैशात बसणारे दुसरे काही राहिलेलेच नसते.

त्यातून ज्याने जोते मोठे धरले त्याची अवस्था अधिक बिकट होते. २५ चौरस मीटरांच्या ऐवजी चाळीस चौरस मीटरांचा पाया खणणारा गृहस्थ भाऊबंदांत मोठा दिसतो खरा, पण त्याचे घर दोन-दोन वर्षे लिंटेलवर अडून राहिलेले आपण पाहतोच. लहान घर व चांगले छत हे मोठ्या घरापेक्षा व उघड्या पत्र्यापेक्षा केव्हाही श्रेयस्कर. पाया आखण्यापूर्वीच छताचा खर्च गवंड्याकडून काढून घ्यावा, तो एकूण खर्चातून प्रथम बाजूस ठेवावा आणि राहिलेल्या रकमेत बसेल एवढेच जोते आखावे. ज्या कार्यकर्त्याकडे घरकुलांची देखरेख आहे त्याने पहिला हप्ता पडण्यापूर्वी लाभार्थ्यास एवढा एकच प्रश्न विचारला, ‘छत कशाचे आणि त्याचे पैसे कोठे?’, तरी पुष्कळ कार्य होईल.

हा प्रश्न घरच्या बाईसमोर विचारावा हे अधिक बरे. घरकुल पती-पत्नीच्या संयुक्त नावावर अथवा पत्नीच्या नावावर देण्याचा प्रघात आहे. दुपारी चुलीजवळ, पत्र्याखाली उभे राहावे लागते ते तिलाच. घरातील पुरुष पारावर जाऊन बसू शकतो. बाळंतिणीला, तान्ह्या मुलाला आणि अंथरुणावरच्या म्हाताऱ्याला पार नाही.

ऊन घरात कसे शिरते

उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असल्याने घराच्या सर्व अंगांपेक्षा छतावर ऊन अधिक पडते, आणि दिवसभर पडते. भिंतींचे तसे नाही. दक्षिणेकडील भिंतीला त्या दिवसांत ऊन थोडेच लागते. पूर्वेकडीलला सकाळी व पश्चिमेकडीलला सायंकाळी लागते. म्हणून लहान घरात उष्णतेचा मोठा वाटा छतातून येतो व त्यानंतर पश्चिमेच्या भिंतीतून.

हवेचे उष्णतामान ४२ अंश सेल्सिअस असते तेव्हा उन्हातला पत्रा ६० अंशांच्याही वर तापतो. पत्रा पातळ व लोखंडाचा. वरची उष्णता खाली यावयास त्याला क्षणभरही लागत नाही. तापलेल्या तव्याखाली हात धरावा तसा तो डोक्यावर जाळ सोडीत राहतो. नवा, चकचकीत पत्रा काही ऊन परतवतो; गंज चढला की तेही संपते. त्याचा एकच गुण असा की सूर्य मावळल्यावर तो लवकर निवतो.

स्लॅबची तऱ्हा उलट आहे. चार-पाच इंच जाडीचे काँक्रीट दुपारपर्यंत उष्णता आपल्या पोटात साठवते आणि तीन-चार तासांनी ती खोलीत सोडू लागते. त्यामुळे स्लॅबचे घर सकाळी बरे वाटते, पण रात्री नऊ-दहा वाजता भट्टीसारखे होते. दिवसभर शेतात राबलेल्या माणसाला रात्रीची झोप न मिळाल्यास दुसऱ्या दिवशीचे ऊन त्याला अधिक बाधते. सभोवतालची हवा ३५ अंशांच्या वर गेली की शरीर निववावयाचा मार्ग केवळ घाम एवढाच उरतो. तेव्हा पंखाही गरम वाराच घालतो. उष्माघात उन्हात काम करणाऱ्यालाच होतो हा समज चुकीचा आहे. तापलेल्या खोलीत पडून राहिलेले वृद्ध व आजारी माणूस त्याला तितकेच, किंबहुना लवकर, बळी पडते.

आता आपले जुने धाबे पाहा. लाकडी खांब, त्यांवर तुळया, त्यांवर जवळजवळ लावलेली बारीक लाकडे, वर लिंबाचा पाला आणि त्यावर फूटभर पांढऱ्या मातीचा थर. भिंती दीड-दोन फुटांच्या. अशा जाड मातीतून उष्णता पलीकडे यावयास दहा-बारा तास लागतात. म्हणजे दुपारचे ऊन मध्यरात्री आत पोहोचते, आणि तेही मंद होऊन. तोवर बाहेरची हवा निवलेली असते. छतातले साणे उघडे असले की आतली गरम हवा वर निघून जाते. हिवाळ्यात, जेव्हा परभणीकडे थंडी चांगलीच पडते, तेव्हा हीच भिंत ऊब धरून ठेवते. आपल्या वाडवडिलांनी उष्णतारोधक हा शब्द ऐकला नव्हता, परंतु वस्तू त्यांना ठाऊक होती.

मग पुन्हा धाबीच का बांधू नयेत? याचे उत्तर स्पष्ट द्यावयास हवे. २५ चौरस मीटरांवर फूटभर माती म्हणजे सुमारे १२ टन वजन; भिजल्यावर त्याहून अधिक. ते पेलणारे सागवान आज कोणाला परवडते? दर मृगापूर्वी धाब्यावर नवी माती टाकून ते चोपावे लागते. एक वर्ष चुकले की गळती लागते आणि तुळई कुजते. झडीच्या पावसात धाबे बसून माणसे दगावल्याची उदाहरणे मराठवाड्यात घडतात. आणि ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट विसरून चालणार नाही. किल्लारीच्या भूकंपात लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे ८,००० माणसे मरण पावली. दगड-मातीच्या जाड, न बांधलेल्या भिंती आणि त्यांवरचे मातीचे जड छत हे त्याचे मोठे कारण होते. तेव्हा धाब्याकडून घ्यावयाचा तो त्याचा गुण, वजन नव्हे. उष्णता अडविण्यासाठी माती हेच एक साधन नाही. कोंडलेली, स्थिर हवा त्याहून चांगली अडविते, आणि तिला वजन नाही. ऊन मुळातच परतवून लावणारा पांढरा रंग हे दुसरे साधन, आणि त्यालाही वजन नाही.

स्लॅबचे घर असल्यास

स्लॅबच्या छताला पांढरा चुना देणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. उघडे काँक्रीट पडलेल्या उन्हापैकी दोन-तृतीयांश किंवा अधिक शोषून घेते. ताज्या चुन्याचे छत तितकेच परतविते. अशा छताखालील खोली साधारणतः २ ते ५ अंशांनी कमी तापते असा अनुभव आहे. ४२ अंशांच्या दिवसांत दोन अंशही झोप येणे आणि न येणे यांतील अंतर ठरू शकतात.

कृती साधी आहे, पण नेटकी केली पाहिजे. प्रथम छत झाडून, शेवाळ खरडून, धुऊन वाळवावे. भेगा सिमेंटने भराव्यात. कळीचा चुना मोठ्या पिंपात किंवा हौदात आदल्या दिवशी विरवावा. चुना विरताना पाणी उकळते व उडते. म्हणून चुन्यावर पाणी न ओतता पाण्यात चुना टाकावा, तोंड दूर ठेवावे, मुलांना जवळ येऊ देऊ नये, आणि डोळ्यांत थेंब गेल्यास न चोळता भरपूर पाण्याने धुऊन दवाखान्यात जावे. विरलेला चुना फडक्यातून गाळून घ्यावा व त्यात भिजविलेला डिंक किंवा सुताराकडील पांढरा गोंद मिसळावा, म्हणजे वाळल्यावर हाताला पांढरे लागत नाही. छत थोडे ओलसर करून सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर पातळ असे तीन हात द्यावेत. एकच जाड हात दिल्यास पापुद्रे सुटतात. घरकुलाएवढ्या छताला तीन हातांस १० ते १२ किलो चुना पुष्कळ होतो. पावसात हा चुना हळूहळू धुपतो, त्यामुळे दरवर्षी पुन्हा द्यावा लागतो. छताचे पाणी पिण्यासाठी साठविणाऱ्यांनी पहिल्या दोन-तीन पावसांचे पाणी वाहून जाऊ द्यावे.

विटांच्या तुकड्यांचा कोबा, उलटी मांडलेली मडकी व वर चुना-विटांचा थर, किंवा फुटक्या पांढऱ्या फरशीचे तुकडे बसविणे, हे उपाय अधिक टिकाऊ आहेत. परंतु कोबा व मडकी यांचे वजन काही टनांत जाते. घरकुलाचा स्लॅब ते वजन धरून बांधलेला नसतो. पंचायत समितीच्या अभियंत्यास विचारल्याशिवाय ते करू नये. फुटक्या फरशीचा थर पातळ असतो; तालुक्याच्या बाजारात दुकानांतून तुकडे स्वस्तात मिळाले तर तो चांगला.

सौर संचाचा संबंध येथे येतो. छतापासून हातभर उंचीवर बसविलेले पट्ट छताला सावली देतात आणि मधून वारा खेळतो. जेवढ्या भागावर पट्ट तेवढ्या भागावर ऊन नाही. मात्र संच बसविण्यापूर्वीच छताला चुना द्यावा. नंतर त्याखाली शिरणे कठीण.

पत्र्याचे घर असल्यास

गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर चुना धरत नाही. पहिल्या वाऱ्यातच उडून जातो. तेथे गंज घासून, अस्तराचा हात देऊन, पांढरा तैलरंग किंवा छपरासाठी मिळणारा पांढरा रंग लावावा. खर्च चुन्यापेक्षा बराच जास्त, पण काही वर्षे टिकतो व पत्राही गंजण्यापासून वाचतो.

तथापि पत्र्याच्या घराचा खरा उपाय वर नाही, खाली आहे. पत्र्याखाली सहा इंच ते एक फूट अंतर सोडून दुसरे हलके छत टांगावे. आपल्या तालुक्यात तुरीच्या तुराट्यांना, बांबूच्या तट्ट्यांना तोटा नाही. तुराट्या सोलून, सुकवून, लिंबाच्या पाल्याचा धूर देऊन किंवा चुन्याच्या निवळीत बुडवून घ्याव्यात, म्हणजे कीड लागत नाही. त्यांचा तट्टा विणून बांबूंच्या आधाराने बांधावा आणि खालून शेण-मातीने सारवून वर चुन्याचा हात द्यावा. पत्रा आणि तट्टा यांमधील हवा हेच येथे खरे उष्णतारोधक. तापलेला पत्रा आता डोक्यावर जाळ टाकू शकत नाही. तो तट्ट्यावर टाकतो. मात्र ती मधली हवा कोंडून तापू नये म्हणून दोन्ही त्रिकोणी भिंतींत, आढ्याजवळ, हातभर झरोके ठेवावेत व त्यांना बारीक तारेची जाळी मारावी. जाळी विसरल्यास उंदीर येतात आणि उंदरांमागून साप.

चुलीच्या वरच्या भागात तट्टा मुळीच लावू नये. तेथे पत्रा उघडा ठेवून धुराडे करावे. विजेच्या तारा तट्ट्याच्या वरून सुट्या नेऊ नयेत, नळीतून न्याव्यात. ही काळजी घेणे शक्य नसेल तर तट्टा न लावणे बरे.

काही ठिकाणी पत्र्याच्या वर पऱ्हाट्या, कडबा किंवा उसाचे पाचट पसरण्याची रीत दिसते. त्याने खोली निवते यात शंका नाही. परंतु वैशाखात वाळलेले पाचट म्हणजे ठिणगीची वाट पाहणारी दारू होय, आणि पहिल्या वळवाच्या वाऱ्यात ते शेजाऱ्याच्या अंगणात जाते. पाऊस पडल्यावर ओले राहून पत्रा कुजविते ते वेगळेच. पत्र्यावर ठेवलेल्या दगडांबद्दलही हेच. पत्रे आकड्यांनी व बोल्टांनी कैच्यांस जखडावेत, दगड खाली आणावेत. भोपळ्याचा वा दोडक्याचा वेल छपरावर चढविण्याची सूचना नेहमी केली जाते. आषाढात लावलेला वेल भाद्रपदात छप्पर झाकतो, तेव्हा ऊनच नसते. उन्हाळ्यात झाकावयाचे तर माघापासून पाणी द्यावे लागते, आणि ते पाणी कोठले? घराच्या पश्चिमेस एक लिंब लावणे हे त्यापेक्षा शहाणपणाचे, जरी त्याला पाच-सात वर्षे लागतात. तोवर पश्चिमेच्या भिंतीला पडवी उतरविता आल्यास उत्तम.

येथे शेतकऱ्यांच्या कामाची एक गोष्ट सांगणे इष्ट वाटते. पुष्कळ घरांत पुढील हंगामाचे सोयाबीनचे घरचे बियाणे याच पत्र्याच्या खोलीत पोत्यांत रचलेले असते. सोयाबीनचे बियाणे नाजूक. उष्णता व ओल यांनी त्याची उगवणशक्ती झपाट्याने घटते. मृगात न उगवलेल्या बियाण्याचे कारण पुष्कळदा पोत्यात नसून छतात असते. रेशीमकिड्यांना २४ ते २८ अंशांची हवा हवी म्हणून त्यांच्या संगोपनगृहावर आपण जाळी, झापा, ओली पोती असा सारा बंदोबस्त करतो. लेकरे मात्र उघड्या पत्र्याखाली निजवितो.

इतरत्र काय झाले

घराच्या छताला थर देण्यासाठी सरकारने गरिबास पैसे द्यावेत, ही रीत थंड देशांत आधी रुजली. १९७३ साली खनिज तेलाचे भाव भडकल्यावर घर तापविणे गरीब कुटुंबांना झेपेना. अमेरिकेने १९७६ च्या कायद्याने अल्प उत्पन्न कुटुंबांची घरे सरकारी खर्चाने उबदार करण्याची योजना काढली. ब्रिटनने १९७८ साली घरांच्या माळ्यावर उष्णतारोधक थर घालण्यासाठी अनुदानाचा कायदा केला. त्यांना आतली ऊब बाहेर जाऊ द्यावयाची नव्हती, आपल्याला बाहेरचे ऊन आत येऊ द्यावयाचे नाही. थर दोन्हीकडे तेच काम करतो.

आपल्या देशात अहमदाबादेस मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत फार माणसे दगावली. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उष्णतेपासून बचावाचा आराखडा केला आणि २०१७ साली गरीब वस्त्यांतील सुमारे ३,००० छपरांना पांढरा चुना देण्याचा उपक्रम घेतला. १९५६ पर्यंत परभणी जिल्हा ज्या हैदराबाद राज्यात होता, त्याची राजधानी आज तेलंगणात आहे. तेलंगण शासनाने एप्रिल २०२३ मध्ये थंड छतांचे धोरण जाहीर केले. सरकारी व व्यापारी इमारतींवर व मोठ्या भूखंडांवरील घरांवर ते बंधनकारक आहे; लहान घरांना ऐच्छिक. म्हणजे ज्याला थंड छताची गरज सर्वांत अधिक, त्याच्यावर सक्ती नाही, हे रास्तच. पण अनुदानाशिवाय ऐच्छिक म्हणजे बहुधा नाहीच, हेही खरे. आपल्या घरकुलाच्या १,२०,००० रुपयांतही छताच्या थंडाव्यासाठी वेगळी रक्कम धरलेली नाही. ती कुटुंबाने आखणीतूनच काढावयाची आहे.

तोवर गावपातळीवर जे करता येईल ते असे. घरकुलाच्या पहिल्या हप्त्यापूर्वी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी (पूर्वीच्या ग्रामसेवकांनी) लाभार्थी व गवंडी यांना एकत्र बसवून छताचा निर्णय लिहून घ्यावा. ज्यांना स्लॅब झेपत नाही त्यांनी भिंती निदान दहा फूट उंच घ्याव्यात, समोरासमोर खिडक्या ठेवाव्यात, आणि तट्ट्यासाठी भिंतीत आधार बांधकामाच्या वेळीच सोडावेत. मागाहून भिंत फोडणे महाग पडते. घराची लांब बाजू शक्यतो दक्षिण-उत्तरेस तोंड करून ठेवावी. ग्रामसभेने उन्हाळ्यापूर्वी अंगणवाडी व शाळा यांच्या छतांना चुना देण्याचा खर्च ग्रामपंचायतीच्या आराखड्यात घालावा. गावकऱ्यांना नमुना पाहावयास मिळतो आणि मुलांना सावली. चुन्याचे काम होळीपूर्वी संपवावे. चैत्रात छत तापल्यावर दिलेला चुना धरण्याआधीच वाळतो आणि पहिल्या वावटळीत पांढरी धूळ होऊन उडतो.